खच्चरवाला फौजी

थावरसिंग राठोडांच्या शोकसभेत त्यांच्याबद्दल जे बोललं गेलं, त्यातलं एकही वाक्य खरं नव्हतं. सभा सेनगावातल्या एका मंगल कार्यालयात झाली. खुर्च्यांना पांढरी कापडं, स्टेजवर हार घातलेला फोटो, आणि माइकसमोर भाऊसाहेब. भाऊसाहेब म्हणजे आमच्या गटातून निवडून आलेले जिल्हा परिषद सदस्य. सगळे त्यांना भाऊसाहेबच म्हणतात, मीही तेवढंच म्हणते. "शत्रूच्या गोळ्या छातीवर झेलणारा हा वाघ आपल्या मातीत जन्मला," असं ते म्हणाले आणि त्यांनी रुमालानं डोळे पुसले.

थावरसिंगांनी छातीवर एकही गोळी झेलली नव्हती. शत्रू त्यांनी जवळून पाहिलासुद्धा नव्हता. हे ते स्वतःच सांगत, कुणी विचारलं की लगेच सांगत. आणि वर्षभरापूर्वी, निवडणुकीत, याच भाऊसाहेबांच्या माणसांनी याच गोष्टीवरून त्यांचं गावभर हसं केलं होतं. जिवंत होते तोवर गाढव हाकणारा, मेल्यावर वाघ.

मी उठून बाहेर आले. सारा जन्म सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून काढला, त्यामुळे मेलेल्या माणसाबद्दल खोटं बोललेलं मला नवीन नाही. सुनेचा जीव जाईस्तोवर जे वॉर्डाच्या दारात फिरकले नाहीत, ते लोक नंतर छाती पिटून रडताना मी पाहिलेत. पण त्या दिवशी सहन झालं नाही. एखाद्याला खोटा वाघ केलं की खरा माणूस कुणाच्या आठवणीत राहत नाही. म्हणून मला ठाऊक असलेले थावरसिंग इथं लिहिते.

लोक त्यांना 'फौजी जमादार' म्हणत. सेनगावपासून आत, माळावर एक तांडा आहे, तिथले ते. सतरा वर्षं सैन्यात राहिले, मग माजी सैनिकांच्या कोट्यातून पोलिसात शिपाई झाले आणि जमादार होऊन निवृत्त झाले. नोकरी संपल्यावर त्यांनी सेनगावात माझ्या घराशेजारी दोन खोल्या बांधल्या. अंगानं बारीक, रंगानं सावळे, मिशी कातरलेली. आवाज इतका हळू, की पोलिसात कसे टिकले असं वाटावं. शिवी त्यांच्या तोंडून मी ऐकली नाही. ठाण्यातले लोक म्हणत, जमादार शिवी देत नाही म्हणून आरोपी घाबरत नाही. त्यावर ते म्हणत, "घाबरला की खोटं बोलतो. मग ते खोटं मलाच लिवावं लागतं."

काहीही विचारायच्या आधी "तकलीफ देतो" म्हणायची सवय होती. "तकलीफ देतो सिस्टर, कात्री हाय का?" घरात कुणी आलं की उठून उभे राहायचे, मग येणारा कलेक्टर असो की दूध घालणारी बाई. रस्त्यानं सोबत चालताना स्वतः गाड्यांच्या बाजूला जायचे आणि मला म्हणायचे, "तुमी आतून चाला." बैलगाडी दिसली की नजर बैलाच्या खुराकडे. एखादा बैल लंगडताना दिसला तर गाडीवाल्याला थांबवून पाय उचलून बघायचे, आणि गाडीवाला चिडला तरी "दोन मिनिटं" म्हणत खडा काढूनच सोडायचे.

सैन्यात ते खच्चरांच्या तुकडीत होते. पहाडात रस्ता जिथं संपतो तिथून पुढं गाडी जात नाही. वरच्या चौक्यांवर पीठ, डाळ, रॉकेल, गोळ्यांच्या पेट्या हे सगळं खच्चरांच्या पाठीवरून जातं. एका खच्चरामागे एक जवान, लगाम धरून पायी. गल्लीतली पोरं विचारायची, "फौजी काका, तुमी किती दुश्मन मारले?" ते म्हणायचे, "एक बी न्हाई. मी पीठ नेलं." पोरांचे चेहरे उतरायचे. त्यांना त्याचं काहीच वाटत नसे. उलट एकदा मला म्हणाले, "आमच्या पणज्यानं बैलावर मीठ लादून मुलूख पालथा घातला. तांड्याचा धंदाच तो, लदणीचा. मी तेच केलं. फक्त सरकारी पगारावर."

आणि एक वाक्य त्यांचं ठरलेलं होतं: "बोजा दोन्ही अंगाला बराबर पायजे. एका अंगाला जड झाला की जनावर दरीत जातं."

ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमची ओळखही नव्हती. मी ड्यूटीवर होते, भर दुपार होती. भाजलेली एक मुलगी आणली, रेखा नावाची, लग्नाला दोन वर्षंही झाली नसतील. सासरचे सांगत होते, स्टोव्ह भडकला. जिच्या घरी दोन-दोन गॅस सिलिंडर होते तिचा स्टोव्ह. मुलगी शुद्धीवर होती आणि सासू तिच्या उशाशी बसायला धडपडत होती. तेवढ्यात जमादार आले. त्यांनी एक स्टूल उचललं, वॉर्डाच्या दारात ठेवलं आणि त्यावर बसले. दार तेवढ्यानंच बंद झालं.

जबाब घ्यायला नायब तहसीलदार येईपर्यंत बराच वेळ गेला. बाहेर सासरचे पन्नासेक लोक जमले. एक शिपाई हातात मोबाइल घेऊन आला. "जमादार, भाऊसाहेब बोलून राहिले. त्यायचे पावणे हायेत हे."

"त्यायला म्हणा मी ड्यूटीवर हाव. ड्यूटी संपली की बोलतो."

"कवा संपते म्हणून विचारून राहिले."

"पोरगी बोलली की."

मग त्यांनी मला हाक मारली. "तकलीफ देतो सिस्टर. त्या सासूबाईला खुर्ची द्या, पाणी द्या. तिचं बी म्हणणं मी पूर्ण लिवून घेणार हाव. बोजा दोन्ही अंगाला बराबर पायजे." मला तेव्हा राग आला होता. त्या बाईला कसली खुर्ची? पण पुढे कोर्टात नवऱ्याच्या वकिलानं विचारलं, की सासूचं म्हणणं का घेतलं नाही, तेव्हा तिच्या अंगठ्यासकट सगळं हजर होतं, आणि तिच्याच बोलण्यात ती अडकली. रेखा बोलली आणि तिसऱ्या दिवशी गेली. नवरा आणि सासू, दोघांनाही शिक्षा झाली.

जमादारांनाही झाली. निकालाच्या आधीच त्यांची बदली जिल्ह्याच्या ठिकाणी एका गोदामाच्या पहाऱ्यावर झाली. जप्त केलेल्या मोटारसायकली गंजत पडलेल्या, त्यांच्यावर पहारा. निवृत्त होईपर्यंत त्यांना पुन्हा तपासाचं काम मिळालं नाही. ज्या माणसानं एका मरणाऱ्या मुलीचं तोंड उघडं राहील एवढं पाहिलं, त्याला भंगार राखायला बसवलं, आणि त्याबद्दल तालुक्यात कुणी एक शब्द उच्चारला नाही. मी एकदा हे त्यांच्यापाशी बोलले. म्हणाले, "पहारा बी कामच हाये सिस्टर. चोरी न्हाई झाली एक बी."

निवृत्तीनंतर ते भरतीसाठी मुलींकडून पळण्याचा सराव करून घ्यायला लागले. आमच्याकडे गावोगाव पोरं भरतीची तयारी करतात, पोलीस नाहीतर फौज. शेतीत काही राहिलेलं नाही, दुसरी नोकरी नाही, मग पहाटे उठून पळायचं. तांड्यातल्या आणि आसपासच्या गावांतल्या मुली थावरसिंगांकडे यायच्या. बापांना मुली एकट्या पाठवायची भीती वाटायची, पण फौजी जमादार सोबत आहे म्हटल्यावर ते पाठवत. पळायला मैदान नाही, म्हणून डांबरी रस्त्याच्या कडेनं. पुढं मुली, मागं सायकलवर हे, अंगात चमकणारं जाकीट, हातात बॅटरी.

एका धुक्याच्या सकाळी मागून टेम्पो आला. त्यानं सायकल चुकवली आणि सुनीता पवार नावाच्या मुलीला उडवलं. थावरसिंगांनी तिचा पाय स्वतःच्या शर्टानं बांधला आणि एक जीप अडवून तिला नेलं. नांदेडला तिचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पोरगी उंच होती, भरतीत नक्की लागली असती.

नांदेडहून ते आले ते थेट माझ्या ओट्यावर येऊन बसले. शांताबाई, त्यांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या, तो तसाच निवला.

"सिस्टर, तालुक्याला मैदान मंजूर हाये," ते म्हणाले. "बोर्ड लावलेला हाये. मी सोता पाहिला."

बोर्ड खरंच होता. गायरानात, रस्त्याच्या कडेला, 'नियोजित क्रीडांगण'. बोर्डाच्या मागं भाऊसाहेबांच्या मेहुण्याचं सोयाबीनचं गोदाम उभं होतं, पत्र्याचं, कुंपणासकट. सगळ्या तालुक्याला ते दिसत होतं. बोर्ड वाचत वाचत लोक गोदामात माल घालायला जात होते.

थावरसिंग अर्ज घेऊन निघाले. तहसील, पंचायत समिती, हिंगोलीचं क्रीडा कार्यालय. प्रत्येक ठिकाणी दारात सावधान उभे राहायचे, "तकलीफ देतो साहेब" म्हणायचे. चार महिने फिरले. शेवटी भाऊसाहेबांच्या घरी गेले. मी सोबत होते, सुनीताची आईही होती. भाऊसाहेब झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं, हसले आणि म्हणाले, "जमादार, मैदान पाहिजे ना? मग निवडून या अन् घ्या."

सुनीताची आई खाली बसली होती. तिच्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

परत येताना थावरसिंग रस्त्याच्या बाहेरच्या बाजूनं चालत होते. घरापाशी आल्यावर म्हणाले, "बरं."

असा हा माणूस उमेदवार झाला. भाऊसाहेबांच्या विरोधातल्या पक्षाला माणूस हवाच होता. फौज अधिक पोलीस म्हणजे त्यांच्या दृष्टीनं आयतं सोनं. त्यांचा तालुकाध्यक्ष रोज यायला लागला, 'काका, काका' करत. आठवड्याभरात बसस्टँडच्या चौकात पंधरा फुटी फ्लेक्स लागला. बर्फाचे डोंगर, एक रणगाडा, वरून विमान चाललेलं, आणि मध्ये थावरसिंगांचं डोकं कुणा धिप्पाड जवानाच्या धडावर बसवलेलं, हातात मशीनगन. खाली 'सीमेवर लढला, आता तुमच्यासाठी लढणार.'

ते मला चौकात घेऊन गेले. बराच वेळ वर बघत उभे राहिले. मग समोरच्या मंडपवाल्याकडून शिडी मागून आणली आणि स्वतः चढून फ्लेक्सच्या दोऱ्या सोडायला लागले. तालुकाध्यक्ष धावत आला.

"काका, काहून काढून राहिले?"

"ती बंदूक माझी न्हाई."

"राजकारणात एवढं चालतं हो."

"छाती बी माझी न्हाई ती," थावरसिंग वरूनच म्हणाले. "ज्याची हाये त्यानं कुठं तरी मार खाल्ला असंल. मी त्याच्या नावावर मत मागू?"

अध्यक्षानं खूप समजावलं. शेवटी थावरसिंगांनी घरातून एक फोटो आणून दिला. तरुण थावरसिंग, अंगात लोकरीचा कोट, आणि शेजारी खच्चर, दोन्ही अंगाला पोती लादलेलं. खाली काय लिहायचं तेही सांगितलं: 'सतरा वर्षं फौजेत रसद नेली. बावीस वर्षं पोलिसात राहिलो. मैदान पाहिजे.' तोच फ्लेक्स लागला.

आणि तालुका हसला. मला आजही ते आठवलं की जिवाचा संताप होतो. हॉटेलांत, सलूनमध्ये, बँकेच्या रांगेत, माणसं मोबाइल पुढं करून हसत होती. भाऊसाहेबांच्या पोरांनी त्या फोटोवर गाढवाचं ओरडणं लावून व्हिडिओ केला होता. खच्चर आणि गाढव यातला फरकही त्या शहाण्यांना ठाऊक नव्हता. 'गाढवं हाकली, आता जिल्हा परिषद हाकणार' असं त्यावर लिहिलं होतं. जाहीर सभेत भाऊसाहेब म्हणाले, "फौजी म्हणवतात. एक तरी गोळी झाडली का विचारा. अन् पोलिसात काय दिवे लावले? साहेबांनी भंगार राखायला बसवलं होतं. उगंच बसवतात का?"

ज्यांनी बसवलं ते विचारत होते, उगंच बसवतात का. आणि समोर बसलेल्या लोकांना हे माहीत होतं. त्यातले कितीतरी जण रेखाच्या वेळी दवाखान्याच्या आवारात उभे होते. त्यांच्याच पोरी पहाटे थावरसिंगांच्या बॅटरीच्या उजेडात पळत होत्या. तरी ते हसले.

मला एक गोष्ट ठाऊक होती जी गावाला ठाऊक नव्हती. निवृत्त होऊन ते शेजारी आले त्या वर्षी त्यांच्या पायाला खिळा लागला होता आणि मी ड्रेसिंग करत होते. उजव्या पायाला दोन बोटंच नव्हती. विचारलं तर आधी टाळलं. मग सांगितलं.

"वरच्या चौकीवर पोरं व्हती. बर्फानं वाट बुजली, चार दिस रसद न्हाई गेली. पाचव्या दिशी मला अन् आणखी एकाला पाठवलं. माझी खच्चर व्हती, तिला नंबर होता, मी गुलाबी म्हणायचो. बोजा मी सोता बांधला व्हता, बराबर व्हता. पण बर्फाचा काठच तुटला. मी लगाम सोडला नसता तर मी बी गेलो असतो." त्यांनी पाय थोडा मागं घेतला. "सोडला मी. ती वरडली बी न्हाई."

"मग?"

"मग काय? पिठाच्या दोन पिशव्या काठावर राहिल्या व्हत्या. पाठीवर घेतल्या अन् गेलो वर. बुटात बर्फ गेला होता, कळलं न्हाई. पोरं उपाशी व्हती ना."

भाऊसाहेबांच्या त्या सभेनंतर मी त्यांच्या घरी गेले. म्हटलं, उद्या बाजारात तुमची सभा आहे, मी स्टेजवर चढते आणि ही गोष्ट सांगते. तुम्ही फक्त बूट काढा. बघू कोण हसतं ते.

त्यांनी मान हलवली. "न्हाई सिस्टर."

"का नाही? खरं आहे ना ते?"

"खरं हाये म्हणूनच. देवळापुढं बसलेला माणूस तुटका पाय उघडा करून दाखवतो. त्याला दाखवावाच लागतो, त्याला दुसरं काय न्हाई. मी पाय दाखवून मत मागू का?"

शांताबाई चुलीपाशी होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "दाखवू नका. हसणारे बोटाला बी हसतील." त्यांना माणसं माझ्यापेक्षा जास्त कळत होती.

बाजारच्या दिवशीची सभा दहा मिनिटंही चालली नाही. थावरसिंग माइकपुढं सावधान उभे राहिले. "भाऊसाहेब बरोबर बोलले," त्यांनी सुरुवात केली. "मी गोळी न्हाई झाडली. झाडणाऱ्याला भाकर नेली. पोलिसात मी भंगार राखलं. त्याच्या आधी काय केलं ते इथल्या काही लोकायला ठाऊक हाय, त्यायनं सांगायचं असंल तर सांगावं. माझं मागणं एकच हाय. पोरी रस्त्यावर पळून राहिल्या. सुनीताचा पाय गेला. मैदानावर गोदाम हाय. ते गोदाम हटवायला मला पाठवा. बाकी काही मला येत न्हाई." खाली उभा असलेला कुणीतरी गाढवासारखं ओरडला आणि सभा त्यातच संपली. "इथल्या काही लोकायला ठाऊक हाय" असं ते म्हणाले, तेव्हा त्यातला एकही पुढे आला नाही.

मतदानाच्या दोन दिवस आधी त्यांचाच तालुकाध्यक्ष गायब झाला. फोन बंद. त्याच्या भावाला पंचायत समितीच्या जागेसाठी भाऊसाहेबांनी मोकळी वाट दिली होती, हे नंतर कळलं. प्रचाराच्या गाड्या थांबल्या, कार्यकर्ते थांबले. मतदानाच्या दिवशी बूथवर बसायला त्यांच्याकडून कुणी उरलं नव्हतं. तेव्हा पळणाऱ्या मुली बसल्या. सुनीता कनेरगाव नाक्याला मावशीकडे राहत होती, तिथून कुबडी घेऊन मुद्दाम आली आणि तांड्याच्या बूथवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसली.

थावरसिंग हरले. थोडक्यात नाही, चांगले हरले. तांड्यातसुद्धा त्यांना निम्मी मतं मिळाली नाहीत. तांड्याच्या रस्त्याचं काम भाऊसाहेबांनी त्याच महिन्यात सुरू केलं होतं. निकालानंतर ते चार खड्ड्यांवर थांबलं.

निकालाच्या दिवशी दुपारी मिरवणूक आमच्या गल्लीत आली. तिची वाट खरं तर तिकडून नव्हती, मुद्दाम वळवली होती. पुढं डीजे, गुलाल, आणि सगळ्यांच्या पुढं एक गाढव. त्याच्या डोक्यावर खाकी टोपी दोरीनं बांधलेली, अंगावर हिरवा फौजी कपडा, गळ्यात झेंडूचा हार. थावरसिंगांच्या दारापुढं मिरवणूक थांबली. गाण्याच्या जागी गाढवाचं ओरडणं लागलं, पुन्हा पुन्हा. पोरं नाचत होती. त्यातल्या दोघांच्या बहिणी थावरसिंगांकडे पळायला येत. मी माझ्या दारातून ओरडले, काय ओरडले ते मलाही ऐकू आलं नाही.

थावरसिंग बाहेर आले. पांढरा सदरा, पायात चप्पल. गर्दीकडे त्यांनी पाहिलं नाही, गाढवाकडे पाहिलं. ते बिचारं आवाजानं थरथरत होतं, आणि टोपीची दोरी त्याच्या कानाच्या मुळाशी रुतून रक्त आलं होतं. ते त्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभे राहिले, मानेवर हात ठेवला, काहीतरी पुटपुटले. मग दोरी सोडली. टोपी हातात घेऊन त्यावरचा गुलाल झटकला आणि ती काखेत धरली.

"शांता, पाणी आण."

शांताबाई बादली घेऊन आल्या. नाचणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला, "काकी, आमाला बी द्या."

"गाढवाला देते मी," शांताबाई म्हणाल्या. "तुमाला न्हाई."

गाढव पाणी प्यायलं. थावरसिंगांनी दोर पोरांच्या हातात परत दिला आणि म्हणाले, "कानाला हळद लावा. माशा बसतील."

यानंतर लोक शरमले, गप्प झाले, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. कुणीतरी "फौजी काका की जय" म्हणून ओरडलं, हशा पिकला, डीजे सुरू झाला आणि मिरवणूक पुढं गेली. वळणावर दोन पोलीस बंदोबस्ताला उभे होते. खात्याची टोपी जनावराच्या डोक्यावर बांधून वाजत गाजत त्यांच्यासमोरून आली होती. ते मोबाइलवर शूटिंग करत होते.

त्या संध्याकाळी मी रागानं रडले. थावरसिंग नाही रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडायच्या सुमारास मला सायकलची घंटी ऐकू आली आणि मुलींच्या पायांचा आवाज रस्त्याकडे गेला. त्या मुलींत, ज्यांचे भाऊ आदल्या दिवशी नाचले होते, त्याही होत्या. नंतर मी त्यांना विचारलं, त्या पोरींना तुम्ही परत कसं घेतलं? ते म्हणाले, "त्या काहून नको? त्या थोड्याच नाचल्या."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते हिंगोलीला, भरतीच्या मैदानाबाहेर. त्याच रात्री, मुलींच्या मुक्कामाच्या ठिकाणी, ते झोपेतच गेले. मला पेन्शनच्या कामासाठी जायचं होतं, आणि ते मुलींना घेऊन चालले होते म्हणून एकाच एसटीनं गेलो. मैदानाच्या फाटकाबाहेर आईबापांची गर्दी होती. मुली आत गेल्या. थावरसिंग कुंपणाच्या जाळीला लागून उभे राहिले, आत धावपट्टी दिसत होती. बंदोबस्ताला बाहेरगावचा एक तरुण शिपाई होता, मिसरूडही नीट फुटलेलं नव्हतं. त्यानं काठी आडवी धरून त्यांच्या छातीला लावली आणि मागं ढकललं.

"ए बाबा, मागं हो. कळत न्हाई का?"

मी पुढं झाले. सांगणार होते त्याला, की हा माणूस तुझ्या खात्यात तू जन्मायच्या आधीपासून होता. थावरसिंगांनी माझ्याकडे पाहून नुसतं बोट हलवलं, नको म्हणून.

"जी साहेब," ते त्या पोराला म्हणाले, आणि दोन पावलं मागं सरले.

मग ते धुळीत बसले. मुलींनी आत जाताना पळण्याचे बूट घालून आपापल्या चपला त्यांच्याजवळ टाकल्या होत्या. त्यांनी एकेक चप्पल उचलली, माती झटकली, जोड्या लावल्या आणि आपल्यासमोर ओळीनं मांडल्या. उन्हानं तापू नयेत म्हणून गळ्यातला पंचा काढून त्यावर पसरला. आतून शिट्टी वाजली. पुढं उभ्या असलेल्या लोकांमुळे बसल्या जागेवरून काही दिसत नव्हतं, तरी ते मान वर करून जाळीकडे बघत राहिले. माझी वेळ झाली होती. रिक्षात बसल्यावर मी मागं पाहिलं, तेव्हा ते तसेच बसले होते, एक हात पंच्यावर ठेवून, वाऱ्यानं उडू नये म्हणून.